एरिया मॉडेलने मोठे गुणाकार: कुठल्या पायरीला काय करायचं आणि नेमकं कुठे चुकतं

एरिया मॉडेल म्हणजे आयत काढून, त्याचे खाने पाडून मोठा गुणाकार करायची पद्धत. काही जण हिला बॉक्स मेथडही म्हणतात. मुलांच्या वह्यांमधल्या चुका नीट बघितल्या तर एक गोष्ट लगेच दिसते, पाढे बहुतेकांचे बरोबर असतात, सात सक बेचाळीस व्यवस्थित लिहिलेलं असतं, पण संख्याच चुकीची फोडलेली असते नाहीतर एखादा खाना काढलेलाच नसतो. म्हणजे गुणाकार सुरू व्हायच्या आधीच उत्तर हातातून गेलेलं असतं आणि मग पालक पाढे घोकून घेत बसतात, ज्याचा इथे काही संबंध नसतो. म्हणून या लेखात गुणाकारापेक्षा तयारीवर आणि पायऱ्यांच्या क्रमावर जास्त बोललोय.

मूळ कल्पना एवढीच आहे. आयताचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी. मग ४७ × ३६ म्हणजे ४७ लांब आणि ३६ रुंद आयताचं क्षेत्रफळ. एवढा मोठा आयत एकदम मोजता येत नाही, तर त्याचे सोपे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. अट एकच, तुकड्यांनी पूर्ण आयत झाकला गेला पाहिजे आणि कुठलाही भाग दोनदा मोजला जाता कामा नये. पुढच्या बहुतेक चुका ही अट मोडल्यामुळे होतात किंवा शून्यांमुळे होतात, तिसरं कारण फार क्वचित.

## तयारी: वही उघडायच्या आधी

शून्यवाले गुणाकार. सगळ्यात महत्त्वाची तयारी हीच आहे. ४० × ३० करताना चार त्रिक बारा, आणि दोन्ही संख्यांची मिळून दोन शून्यं, म्हणून १२००. इथपर्यंत मुलं करतात. अडतात कुठे, तर ५० × ६० ला. पाच सक तीस, या तीसमध्ये आधीच एक शून्य आहे, ते बघून मुलाला वाटतं एक शून्य तर आलंय, आता एकच लावायचं, आणि लिहितो ३००. खरं उत्तर ३०००. पाढ्यातून आलेलं शून्य वेगळं आणि आपण लावायची शून्यं वेगळी. यासाठी सवय अशी लावा की आधी पाढ्याचं उत्तर पूर्ण लिहायचं, ३०, मग थांबायचं, मग मूळ दोन संख्यांमधली शून्यं मोजून त्याच्यापुढे लावायची.

विस्तारित रूप. २६४ म्हणजे २०० + ६० + ४, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. २ + ६ + ४ नाही. ऐकायला सोपं वाटतं पण संख्येच्या मध्ये शून्य आलं की गडबड होते, ३०८ म्हणजे ३०० + ८ याऐवजी ३० + ८ लिहिलेलं खूपदा दिसतं.

पाढे. नऊपर्यंतचे पाढे पुरेत, एकोणीस-एकोणतीसच्या पाढ्यांची इथे गरज पडत नाही, कारण प्रत्येक खान्यात शेवटी एक अंकी गुणिले एक अंकीच उरतं. पाढे कच्चे असतील तर पाढ्यांचा तक्ता शेजारी ठेवून द्या, अगदी बिनधास्त. एका वेळी नवी पद्धतही शिकायची आणि पाढेही आठवायचे, यात दोन्ही बिघडतं.

सामान. चौकटीची वही, पेन्सिल, पट्टी. पहिले काही दिवस पेन नको.

> तपासा: ६० × ४, ३० × ७०, ५० × ४०, २०० × ५०. उत्तरं २४०, २१००, २०००, १०,०००. शेवटची दोन चुकली तर पुढे जाऊ नका, आज फक्त शून्यवाले गुणाकारच करा.

## पायरी १: एक छोटा आयत खराखुरा काढा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि मग पुढे खाने का काढायचे हेच मुलाला कळत नाही, तो एक तक्ता भरल्यासारखं भरत राहतो.

१४ × १२ घ्या. चौकटीच्या वहीत आडवे १४ आणि उभे १२ छोटे चौरस मोजून आयत काढा. आता डावीकडून १० चौरस सोडून एक उभी रेघ मारा, वरून १० चौरस सोडून एक आडवी रेघ मारा. आयताचे चार तुकडे झाले. मोठा तुकडा १० बाय १०, त्यात १०० चौरस. त्याच्या उजवीकडची पट्टी ४ बाय १०, त्यात ४०. खालची पट्टी १० बाय २, त्यात २०. आणि कोपऱ्यात उरलेला छोटासा तुकडा ४ बाय २, त्यात ८. बेरीज १६८.

आता मुलाला एक मुद्दाम चुकीची गोष्ट करायला सांगा. फक्त दहा गुणिले दहा आणि चार गुणिले दोन एवढंच करू, १०० आणि ८ मिळून १०८, चालेल का? आणि तेवढेच दोन तुकडे रंगवायला लावा. रंगवून झाल्यावर दोन लांब पट्ट्या पांढऱ्या राहिलेल्या दिसतात, त्यातले चौरस मोजले की ६० निघतात, आणि १६८ मधून १०८ गेले तर ६०च राहतात. हे स्वतःच्या हाताने रंगवलेलं मूल त्या दोन पट्ट्या सहसा विसरत नाही, तोंडी कितीही वेळा सांगितलं तरी हा परिणाम येत नाही.

हा मापात काढलेला आयत एक-दोनदा पुरे. पुढे मोठ्या संख्यांना मापात काढणं शक्यच नाही, तेव्हा नुसती चौकट काढायची. फक्त पहिला खाना मोठा आणि शेवटचा छोटा असा अंदाजे फरक ठेवा, म्हणजे हा आयत आहे हे डोळ्यासमोर राहतं.

## पायरी २: आधी अंदाज, मग गणित

आता ४७ × ३६ घेऊ आणि शेवटपर्यंत हेच उदाहरण चालवू.

काहीही लिहायच्या आधी अंदाज काढायचा. दोन्ही संख्या खालच्या दशकाला आणल्या तर ४० × ३० = १२००, दोन्ही वरच्या दशकाला नेल्या तर ५० × ४० = २०००. म्हणजे उत्तर १२०० आणि २००० च्या मध्ये कुठेतरी असणार. हे दोन आकडे पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

अंदाज शेवटी काढला तर तो उत्तराकडे बघून काढला जातो आणि मग तो नेहमी बरोबरच येतो. म्हणून क्रम बदलू नका.

## पायरी ३: दोन्ही संख्या फोडा

४७ = ४० + ७
३६ = ३० + ६

फोडून झालं की परत जोडून बघायचं, चाळीस आणि सात सत्तेचाळीस, तीस आणि सहा छत्तीस. हा चेक दोन सेकंदांचा आहे पण ३०८ चं ३० + ८ झालं असेल तर इथेच पकडलं जातं, कारण बेरीज ३८ येते.

> सावधान: ४७ चे ४ आणि ७ असे अंक सुटे करून लिहू नका. मुलं म्हणतात की मी ४ लिहितो पण मनात ४० धरतो. दोन अंकी संख्यांना हे कसंबसं निभावतं, तीन अंकी आली की मनातलं सगळं निसटतं.

## पायरी ४: चौकट काढा, कडांवर आकडे लिहा

पहिली संख्या दोन तुकड्यांची, दुसरी दोन तुकड्यांची, म्हणून दोन गुणिले दोन चार खाने. खाने किती होणार हे रेघा मारायच्या आधी मोठ्याने बोलायचं, आणि तो आकडाही अंदाजाच्या शेजारी लिहून ठेवायचा. पुढे हा फार कामाला येतो.

वरच्या कडेला ४० आणि ७, डावीकडच्या कडेला ३० आणि ६. कोपऱ्यात गुणाकाराचं चिन्ह.

| × | ४० | ७ |
|---|---|---|
| ३० | | |
| ६ | | |

कडेवर ४० + ७ असं अधिकच्या चिन्हासकट लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ते चूक नाही, पण नवशिक्या मुलाला ते अधिकचं चिन्ह दिसतं आणि तो खान्यात ४० आणि ३० ची बेरीज करून ७० लिहून मोकळा होतो. असं एकदा जरी झालेलं दिसलं तर कडेवरचं अधिक काढून टाका आणि कोपऱ्यात ठळक गुणाकाराचं चिन्ह ठेवा. चिन्ह बदललं की ही चूक बहुतेक वेळा थांबते, वेगळं समजावत बसावं लागत नाही.

वर कुठली संख्या आणि डावीकडे कुठली, याने उत्तर बदलत नाही. पण मोठी संख्या वर ठेवली तर ओळींची बेरीज सोपी जाते, तेव्हा तीच सवय ठेवा.

## पायरी ५: खाने भरा, मोठ्यापासून सुरू करून

प्रत्येक खान्यात त्याच्या वरचा आकडा गुणिले त्याच्या डावीकडचा आकडा. सुरुवात डाव्या वरच्या खान्यापासून, म्हणजे सगळ्यात मोठ्या तुकड्यापासून करा, मग ती ओळ पूर्ण करा, मग खालची ओळ. इकडचा एक खाना तिकडचा एक खाना असं भरत गेलं की एखादा राहून जातो.

| × | ४० | ७ |
|---|---|---|
| ३० | १२०० | २१० |
| ६ | २४० | ४२ |

भरताना बोलायचं ते पूर्ण बोलायचं. "चार त्रिक बारा" नाही, "चाळीस गुणिले तीस, बाराशे". तोंडात चाळीस असेल तर कागदावर १२ लिहिताना मूल स्वतःच अडखळतं, आणि आपल्याला तेच हवंय.

> तपासा: डावा वरचा खाना सगळ्यात मोठा आणि उजवा खालचा सगळ्यात छोटा आहे ना? दशक-एकक असे नेहमीच्या पद्धतीने फोडले असतील तर असंच यायला पाहिजे. नसेल तर एखादं शून्य कमी-जास्त झालंय. आणि डावा वरचा खाना म्हणजे आपला खालचा अंदाज, १२००, तो जुळलाच पाहिजे.

## पायरी ६: खाने मोजा, मग ओळीओळीने बेरीज

बेरजेला हात लावायच्या आधी भरलेले खाने मोजा. पायरी ४ ला चार लिहिले होते, चार भरलेत का? मग पुढे.

चारही आकडे एकदम एकाखाली एक मांडून बेरीज करता येते, पण मी आधी आडव्या ओळीची बेरीज करायला सांगतो, त्याचं कारण पुढे येतंय.

वरची ओळ: १२०० + २१० = १४१०
खालची ओळ: २४० + ४२ = २८२
एकूण: १४१० + २८२ = १६९२

मांडताना एककाखाली एकक, दशकाखाली दशक. १४१० तीन घरं डावीकडे सरकलेलं आणि २८२ भलतीकडेच, अशी बेरीज केली तर आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात जाते. चौकटीच्या वहीत एका चौरसात एकच अंक लिहायला लावा, मग हा प्रश्न राहत नाही.

एक चूक इथे आवर्जून सांगतो, काही मुलं खान्यांमधल्या आकड्यांचाही परत गुणाकार करायला जातात, कारण गणित गुणाकाराचं आहे म्हणून. त्यांना परत त्या रंगवलेल्या आयताकडे न्या. तुकडे एकत्र ठेवून आयत बनतो, म्हणजे बेरीज.

## पायरी ७: पडताळा, आणि कुठला पडताळा काय पकडतो

या भागात जरा थांबू, कारण एखादा पडताळा जुळला की उत्तर बरोबर असं समजून सगळे पुढे जातात आणि तिथेच फसतात.

४७ × ३६ ला एखाद्याने फक्त ४० × ३० आणि ७ × ६ केलं, बाकीचे दोन खाने गाळले. त्याचं उत्तर १२४२. आता हे तपासू.

अंदाज: १२०० आणि २००० च्या मध्ये आहे. पास.

शेवटचा अंक: सात सक बेचाळीस, म्हणजे शेवटी २ पाहिजे. आहे. पास.

नवाचा ताळा, म्हणजे संख्येच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करायची, ९ आला तर ० धरायचा, आणि दोन्ही संख्यांच्या ताळ्यांचा गुणाकार उत्तराच्या ताळ्याशी जुळतो का बघायचं: ४७ च्या अंकांची बेरीज ११, परत बेरीज २. ३६ ची बेरीज ९, म्हणजे ताळ्यात ०. दोन गुणिले शून्य शून्य. उत्तर १२४२, अंकांची बेरीज ९, म्हणजे ०. पास!

तिन्ही पडताळे जुळले आणि उत्तर ४५० ने चुकलंय. गाळलेले खाने २१० आणि २४०, त्यांची बेरीज ४५०, आणि ४५० ला ९ ने पूर्ण भाग जातो म्हणून ताळ्याला काही कळलंच नाही. इथे ही चूक पकडणारी एकच साधी गोष्ट आहे, खाने मोजणं. चार पाहिजे होते, दोनच आहेत. म्हणून पायरी ४ आणि पायरी ६ मधली ती मोजणी कंटाळा आला तरी गाळू नका.

ताळ्याची दुसरी मर्यादा शून्यांची. १०,००० च्या जागी १००० लिहिलं तरी अंकांची बेरीज १ च येते, त्यामुळे शून्य खाल्लेलं ताळ्याला कधीच दिसत नाही. मोठ्या खान्यातलं असेल तर ते अंदाजाला दिसतं. आणि अंकांची अदलाबदल, म्हणजे १६९२ च्या जागी १९६२, हीसुद्धा ताळ्यातून सुटते, आणि १९६२ हे २००० च्या आत असल्याने अंदाजातूनही सुटते.

बेरजेतल्या चुकांसाठी सगळ्यात चांगला पडताळा म्हणजे उभ्या रकान्यांनी परत बेरीज करणं. डावा रकाना १२०० + २४० = १४४०, उजवा रकाना २१० + ४२ = २५२, दोन्ही मिळून १६९२. आडव्या ओळींनी आणि उभ्या रकान्यांनी एकच उत्तर आलं तर बेरीज बरोबर आहे असं धरायला हरकत नाही.

म्हणजे काम असं वाटलेलं आहे: गाळलेला खाना मोजणीने सापडतो, मोठ्या खान्यातली शून्याची चूक अंदाजाने, बेरजेची चूक उभ्या रकान्यांनी, आणि पाढ्याची चूक बहुतेक वेळा नवाच्या ताळ्याने. वेळ कमी असेल तर ताळा सोडा, पहिल्या दोन गोष्टी सोडू नका.

## पायरी ८: तीन अंकी संख्या

पद्धत तीच, खाने वाढतात. २६४ × ५३.

खालचा अंदाज २०० × ५० = १०,०००, वरचा ३०० × ६० = १८,०००. फोड २०० + ६० + ४ आणि ५० + ३. खाने तीन गुणिले दोन, सहा.

| × | २०० | ६० | ४ |
|---|---|---|---|
| ५० | १०,००० | ३००० | २०० |
| ३ | ६०० | १८० | १२ |

वरची ओळ १३,२००, खालची ओळ ७९२, एकूण १३,९९२.

या उदाहरणाची वरची ओळ मुद्दाम नीट बघा, तिथे तिन्ही खान्यांत पाढ्यातून एकेक शून्य येतं. पाच दुणे दहा, पाच सक तीस, पाच चोक वीस. २०० × ५० मध्ये आपण लावायची शून्यं तीन, पण उत्तरात दिसतात चार. ज्या मुलाने १००० लिहिलं त्याचं एकूण उत्तर ४९९२ येईल, आणि ४९९२ चा ताळा काढला तर तो जुळतो, ६ ला ६. पण अंदाज १०,००० च्या वर सांगतोय, तिथे लगेच उघडं पडतं.

तीन अंकी गुणिले तीन अंकी असेल तर नऊ खाने. ४२५ × ३१६ करून बघा. वरच्या ओळीत १,२०,०००, ६०००, १५००, बेरीज १,२७,५००. मधल्या ओळीत ४०००, २००, ५०, बेरीज ४२५०. खालच्या ओळीत २४००, १२०, ३०, बेरीज २५५०. एकूण १,३४,३००. नऊ खान्यांना ओळीची बेरीज चौकटीच्या उजवीकडे लगेच लिहून ठेवायची, शेवटी नऊ आकडे एकदम मांडायचे नाहीत.

### मध्ये शून्य आलं तर

३०८ × २४. ३०८ मध्ये दशक नाहीत. दोन पर्याय आहेत, एकतर ३०० आणि ८ असे दोनच तुकडे, चार खाने. किंवा ३००, ०, ८ असे तीन तुकडे, सहा खाने, त्यातले मधले दोन शून्य. ज्याचा गोंधळ होतोय त्याला सुरुवातीला दुसरा पर्याय द्या, शून्याचा रकाना डोळ्यांनी दिसू द्या, मग तो आपणहूनच गाळायला लागतो.

३०० × २० = ६०००, ८ × २० = १६०, ३०० × ४ = १२००, ८ × ४ = ३२. ओळी ६१६० आणि १२३२, एकूण ७३९२.

> सावधान: शून्याच्या खान्यात २० किंवा ४ लिहिलेलं दिसलं, तर मूल शून्याने गुणलं म्हणजे काही बदललं नाही असं समजतंय. आधी तेवढंच दुरुस्त करा.

## पायरी ९: उभ्या मांडणीशी जोड

आता आडव्या ओळींची बेरीज का करायची ते. ४७ × ३६ आपण नेहमीच्या उभ्या मांडणीने केलं तर पहिली ओळ ६ ने गुणून २८२ येते, आणि दुसरी ओळ ३ ने गुणून, शेवटी शून्य किंवा फुली टाकून, १४१०. आपल्या चौकटीच्या खालच्या आणि वरच्या ओळीच्या बेरजा याच आहेत. तेच २८२, तेच १४१०.

ती फुली किंवा ते शून्य का टाकायचं हे बहुतेक मुलांना कोणी सांगितलेलं नसतं, नुसतं टाकायचं असतं म्हणून टाकतात, म्हणून विसरतातही. चौकट शेजारी ठेवली की दिसतं, आपण ३ ने गुणतच नाहीये, ३० ने गुणतोय, आणि ती अख्खी ओळ ३० ची आहे. तेव्हा काही दिवस एकच गणित पानाच्या डाव्या बाजूला चौकटीने आणि उजव्या बाजूला उभ्या मांडणीने करायला लावा आणि सारख्या ओळी बाणाने जोडायला लावा. हातचे समजायलाही याने मदत होते, कारण २८२ मध्ये बेचाळीसचे चार दशक कुठे गेले ते २४० च्या शेजारी दिसतंच.

उभी मांडणी पक्की झाल्यावर रोजच्या गणिताला चौकट काढायची सक्ती करू नका. नऊ खान्यांची चौकट काढायला वेळ लागतो, आणि परीक्षेत वेळ मोजका असतो. उत्तर अडलं, शंका आली की चौकट, असं चालेल. आणि ज्या मुलाला चौकटच बरी वाटते त्याच्याकडून ती काढूनही घेऊ नका.

## थोडं पुढचं

सोपी फोड. दशक-एकक अशीच फोड पाहिजे असा नियम नाही, तुकड्यांनी आयत पूर्ण झाकला म्हणजे झालं. २५ × ४८ ला २५ फोडायची गरजच नाही, २५ × ४० = १००० आणि २५ × ८ = २००, झाले १२००. पण हे मूळ पद्धत हातात बसल्यावर, आधी नाही.

दशांश. ३.४ × २.६ ला ३ आणि ०.४, २ आणि ०.६. खाने ६, ०.८, १.८ आणि शेवटचा ०.२४. एकूण ८.८४. चूक नेहमी शेवटच्या खान्यात होते, ०.४ × ०.६ ला २.४ लिहितात. दोन्ही बाजू एकपेक्षा लहान आहेत, मग तो तुकडा एक पूर्ण चौरसापेक्षा मोठा कसा होईल, एवढं विचारलं की बास.

बीजगणित. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, ही मोठ्या वर्गातली सगळीकडे दिसणारी चूक. चौकट काढून बघा, हे तेच १०८ वालं गणित आहे. दोन पट्ट्या राहिल्या, प्रत्येकीचं क्षेत्रफळ अ गुणिले ब, म्हणून मध्ये २अब येतं. लहानपणी पट्ट्या रंगवलेल्या असतील तर हे सूत्र पाठ करावं लागत नाही.

## सरावाला कुठली गणितं, कुठल्या क्रमाने

वाटेल ती गणितं देऊ नका, प्रत्येक गणितात एक ठरावीक अडचण असू द्या. उत्तरांसोबत ओळींच्या बेरजाही देतोय, म्हणजे चूक गुणाकारात आहे की शेवटच्या बेरजेत ते कळेल.

१. २३ × १४, साधं, फक्त पायऱ्यांचा क्रम बसवायला. ओळी २३० आणि ९२, उत्तर ३२२.

२. ६७ × ५८, मोठे अंक, ६० × ५० चं शून्य. ओळी ३३५० आणि ५३६, उत्तर ३८८६.

३. ४०६ × ३५, मध्ये शून्य. ओळी १२,१८० आणि २०३०, उत्तर १४,२१०.

४. ७५० × ४८, शेवटी शून्य, एककाचा रकाना लागतच नाही. ओळी ३०,००० आणि ६०००, उत्तर ३६,०००.

५. ६३९ × ८२, सहाही खाने भरलेले. ओळी ५१,१२० आणि १२७८, उत्तर ५२,३९८.

६. ५०७ × २०९, दोन्हीकडे मध्ये शून्य, तीन अंकी असून चारच खाने. ओळी १,०१,४०० आणि ४५६३, उत्तर १,०५,९६३.

एका बैठकीत दोन-तीनच घ्या. चौथ्यात आणि सहाव्यात खाने किती होणार हे आधी विचारा, आणि मुलाने सहा किंवा नऊ म्हटलं तरी करू द्या, शून्याचे खाने भरताना त्याच्या लक्षात येईल, उत्तर तेच येणार आहे.